परवान्याचे शस्त्र अंगावर बाळगताना

परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊन भारतात घराबाहेर पडायचे, तर ते झाकलेलेच असावे लागते. शस्त्र नियम २०१६ मधील बत्तिसावा नियम तसे स्पष्ट सांगतो. सार्वजनिक जागी छोटे शस्त्र न्यायचे असेल, तर ते त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा. या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो आणि शस्त्र जप्त होते. कमरेला उघडे पिस्तूल खोचून चहाच्या टपरीवर बसणे, मिरवणुकीत ते दाखवणे, त्याच्यासह काढलेले छायाचित्र मोबाइलवरून पसरवणे, या गोष्टी आपल्याकडे ऐटीत चालतात; कायद्याच्या नजरेत त्या परवाना गमावण्याच्या वाटा आहेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत झाकून शस्त्र नेण्यासाठी वेगळी परवानगी लागत आली आहे. भारतात शस्त्र झाकणे ही सवलत नसून अट आहे. म्हणूनच पहिल्यांदा शस्त्र अंगावर बाळगणाऱ्याने ते नीट, आरामात आणि कोणाच्या नजरेत न येता कसे ठेवायचे हे आधी शिकून घेणे गरजेचे ठरते.

अर्थात त्याआधी परवाना मिळवावा लागतो. तो कसा मिळतो, हे कारध्याचे उदाहरण घेऊन पाहू. भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की पूर्वेकडच्या काठावर कारधा लागते. राष्ट्रीय महामार्ग ५३ इथूनच लाखनी, साकोलीकडे जातो. कारध्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे आणि जिल्हाधिकारी कार्यालय नदीपलीकडे भंडाऱ्यात. त्यामुळे इथल्या रहिवाशाच्या शस्त्र परवान्याचा प्रवास जवळच्या जवळच होतो. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, ठाण्यामार्फत चौकशी व चारित्र्य पडताळणी होते, पोलीस अधीक्षकांचा अहवाल येतो आणि मग निर्णय होतो. नागपूर शहरात मात्र हाच अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. जिवाला धोका असल्याचे किंवा व्यवसायामुळे शस्त्राची गरज असल्याचे कारण पटवून द्यावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा लागतो आणि ते घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय असल्याचेही लिहून द्यावे लागते. परवाना नाकारला गेला तर अपील करता येते. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. याच दुरुस्तीने विनापरवाना अग्निशस्त्राची शिक्षाही वाढवली. आता ती किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. मुदत संपलेला परवाना खिशात असणे म्हणजे परवाना नसल्यासारखेच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

भातशेतीच्या या भागात बंदुकीची ओळख तशी जुनी आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका विदर्भातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवाहरनगरची आयुध निर्माणीही भंडाऱ्याजवळच आहे. तिथे तोफगोळ्यांना आणि काडतुसांतील गोळ्यांना गती देणाऱ्या दारूचे, म्हणजे प्रणोदकांचे उत्पादन होते.   शेतातली लांब बंदूक आणि अंगावरचे छोटे शस्त्र यांत मात्र मोठा फरक आहे. लांब बंदूक हातात असते, तिची नळी कुठे आहे हे सगळ्यांना दिसते आणि ती वापरून झाली की घरात ठेवली जाते. छोटे शस्त्र दिवसभर शरीराला चिकटलेले असते. बसताना, वाकताना, मोटारसायकलवर टांग टाकताना ते सोबत असते, आणि माणूस थकला की त्याचे भान सुटते.

सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही. त्याची काडतुसे लष्कर आणि पोलिसांची मानली जातात. परवान्यावर प्रामुख्याने .३२ आणि .२२ या बोअरची शस्त्रे घेतली जातात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. ते सुमारे अर्धा किलो वजनाचे होते आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. इतर .३२ रिव्हॉल्व्हर त्याहून जड असतात. काडतुसे भरली की वजन आणखी वाढते. दुकानात हातात घेतल्यावर हे वजन काहीच वाटत नाही. आठ तास कमरेच्या एकाच बाजूला लटकल्यावर ते कळते. त्यामुळे पहिल्यांदा शस्त्र निवडताना नुसते दिसणे किंवा किंमत पाहून चालत नाही. आपल्या हाताची पकड, अंगाची ठेवण आणि रोजचा पेहराव यांना ते जमते का, हे पाहिले पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक होते ती होल्स्टरच्या बाबतीत. लाखभर रुपयांचे शस्त्र घेणारा माणूस होल्स्टरवर दोन-तीनशे रुपये खर्च करतो, किंवा मुळीच करत नाही आणि शस्त्र पँटच्या पट्ट्यात खोचतो. चांगल्या होल्स्टरकडून तीन गोष्टी हव्या असतात. त्याने ट्रिगर म्हणजे चाप पूर्ण झाकला पाहिजे, इतका की बाहेरून बोट किंवा कपड्याचे टोकही आत जाऊ नये. माणूस पळाला, वाकला, पडला तरी शस्त्र आतच राहिले पाहिजे. आणि शस्त्र परत आत घालताना तोंड मिटता कामा नये, कारण मऊ कापडाचे तोंड दुमडून चापात अडकले तर गोळी सुटू शकते. होल्स्टर त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेले असावे. ‘सगळ्यांना बसते’ असे सांगून विकले जाणारे कशालाच नीट बसत नाही. चामड्याचे होल्स्टर अंगाला सुखद असते, पण घाम पिते. कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचे होल्स्टर घाम पीत नाही, आकार धरून राहते, पण सुरुवातीला टोचते.

होल्स्टरइतकाच महत्त्वाचा असतो कमरेचा पट्टा. नेहमीचा पातळ पट्टा अर्धा-पाऊण किलोच्या वजनाने खाली झुकतो, शस्त्राचा दस्ता शरीरापासून बाहेर कलतो आणि सदऱ्याखाली उंचवटा दिसू लागतो. जाड, ताठ, दुहेरी शिवणीचा पट्टा वजन कमरेभोवती वाटून घेतो. पँटच्या आत होल्स्टर ठेवायचे असेल, तर कमरेत एक इंच जास्त घेराची पँट शिवून घ्यावी लागते. हा साधा उपाय न केल्याने पहिल्याच दिवशी पोट दाबले जाते, कातडी सोलवटते आणि माणूस दर दहा मिनिटांनी हात घालून शस्त्र सारखे करतो. इथेच सगळा प्रश्न आहे. शस्त्र टोचू लागले की हात त्याकडे जातो, आणि हात त्याकडे गेला की पाहणाऱ्याला कळते. सुख नसेल तर गुप्तता टिकत नाही, आणि वारंवार हात लावण्याने सुरक्षितताही जाते. अपघाती गोळी सुटण्याचे बहुतेक क्षण शस्त्र काढताना, ठेवताना किंवा सारखे करतानाचे असतात. स्थिर, झाकलेल्या शस्त्राला कोणी हात लावला नाही तर ते आपणहून काही करत नाही.

कमरेवर शस्त्र ठेवण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे ज्या हाताने ते धरायचे त्याच बाजूच्या कुल्ह्याच्या हाडाच्या थोडे मागे. तिथे शरीराला नैसर्गिक खोलगटपणा असतो आणि सदरा सरळ पडतो. अगदी पाठीमागे, कण्यावर शस्त्र ठेवण्याची काहींना हौस असते. ती जागा टाळावी. जीपच्या किंवा एसटीच्या सीटवर टेकून बसले की ते मणक्यात रुतते, घसरून पाठीवर पडले तर इजा होते, आणि मागून कोणी हात घातला तर कळतही नाही. पोटाच्या बाजूला शस्त्र ठेवले तर वाकताना दस्ता बरगडीत घुसतो आणि बसल्यावर नळी मांडीकडे किंवा जांघेकडे रोखलेली राहते. नवख्याने ती जागा वापरू नये. पायाच्या घोट्याला बांधलेले शस्त्र मोटारसायकलवर आणि चिखलाच्या बांधावर निरुपयोगी ठरते. खिशात ठेवायचेच असेल तर खिशासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये, आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ल्या, नाणी, पेन हे सगळे दुसऱ्या खिशात गेले पाहिजे.

कपड्यांचा विचार हवामानाशी जोडलेला आहे. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लोक पातळ, फिक्या रंगाचे सुती सदरे घालतात. असा सदरा घामाने अंगाला चिकटला की खाली काय आहे ते आकारासकट दिसते. थोडा जाड विणीचा, गडद किंवा चौकड्याचा, कमरेखाली चार बोटे उतरणारा, न खोचलेला बुशशर्ट उन्हाळ्यात चालतो. रेघा आणि चौकडी उंचवटा लपवतात, एकरंगी कापड तो उघडा पाडते. हिवाळ्यात जाकीट किंवा बंडी हा प्रश्नच मिटवते, मात्र ती उन्हात काढून खुर्चीवर टाकायची सवय सोडावी लागते. घराबाहेर पडण्यापूर्वी आरशासमोर वाकून, हात वर करून, खाली बसून उठून पाहावे. वरच्या फळीवरून काही काढताना सदरा वर सरकतो आणि नेमक्या त्या वेळी दुकानदाराला दस्ता दिसतो. कमरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यातून बसावे. या हालचाली दोन-तीन दिवस घरात रिकाम्या शस्त्रासह केल्या की अंगवळणी पडतात. शस्त्र रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोनदा तपासावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

साडी नेसणाऱ्या किंवा सलवार-कुर्ता घालणाऱ्या स्त्रियांना कमरपट्ट्याचा आधार मिळत नाही, म्हणून शस्त्र पर्समध्ये जाते. नियम पिशवीला परवानगी देतो, पण ताब्याची अटही त्याच नियमात आहे. लग्नघरी पलंगावर इतर पिशव्यांच्या ढिगात ठेवलेली पर्स ताब्यात नसते. लहान मुले चॉकलेटसाठी आईची पर्स उघडतात, हेही विसरून चालत नाही. त्यामुळे पर्स निवडायची तर खांद्यावरून तिरकी अंगावर राहणारी, शस्त्रासाठी वेगळा बंद कप्पा आणि आत घट्ट बसणारे होल्स्टर असलेली निवडावी. ती खाली ठेवायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. एवढे पाळणे शक्य नसेल तर त्या दिवशी शस्त्र घरीच कुलपात बरे.

शस्त्र अंगावर असताना ते आतून कोणत्या अवस्थेत आहे, हा यानंतरचा भाग. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून पायाला लागली. प्रवासाला निघण्याआधी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून पडले, असे सांगण्यात आले. असे का घडू शकते, हे रिव्हॉल्व्हरची रचना पाहिली की समजते. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा हातोडा थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असतो. शस्त्र हातोड्यावर आपटले तर तोच धक्का काडतुसापर्यंत पोचतो. नव्या रचनेत हातोडा आणि काडतूस यांच्या मध्ये एक पट्टी असते आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय धक्का पुढे जात नाही. आपले शस्त्र कोणत्या रचनेचे आहे हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला विचारावे. जुन्या रचनेचे असेल तर हातोड्यासमोरचे घर रिकामे ठेवणे हीच जुनी आणि योग्य रीत आहे. सहाऐवजी पाच काडतुसांनी काही बिघडत नाही. पिस्तूल असेल तर नवख्याने मॅगझिन भरलेले पण नळीतले घर रिकामे ठेवावे. पडणारे शस्त्र झेलायला जाऊ नये. हवेत झेलताना बोट चापावर पडते आणि मग कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही.

सार्वजनिक शौचालय ही एक उपेक्षित पण धोक्याची जागा आहे. पँट उतरली की पट्ट्याचा ताण सुटतो, होल्स्टर उलटते आणि शस्त्र फरशीवर पडते, किंवा ते खिडकीच्या कठड्यावर काढून ठेवले जाते आणि तिथेच विसरले जाते. पट्टा गुडघ्यांवर ताणून धरावा, होल्स्टरसह शस्त्र उतरलेल्या पँटमध्येच राहू द्यावे. शस्त्र हरवले तर वेळ न दवडता जवळच्या ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे. मोटारीतही सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात शस्त्र टाकून जाणे म्हणजे ताबा सोडणेच.

शस्त्रासोबत परवाना नेहमी असावा लागतो. शस्त्र अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमानुसार पोलीस अधिकारी तो कधीही मागू शकतो. कारध्याच्या पुलाजवळ किंवा महामार्गावर नाकाबंदी लागली असेल, तर झडती सुरू होण्याआधीच शांतपणे सांगावे की आपल्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे आणि ते कुठे आहे. हात दिसतील असे ठेवावेत आणि सांगितल्याशिवाय शस्त्राला स्पर्श करू नये. दाखवण्यासाठी म्हणून ते बाहेर काढणे ही या प्रसंगातली सर्वांत घातक चूक. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हेही पाहून निघावे. महामार्गाने पूर्वेला देवरीच्या पुढे गेले की छत्तीसगड सुरू होते आणि तुमसरच्या उत्तरेला मध्य प्रदेश. राज्यापुरता परवाना या सीमांवर संपतो. विमानात शस्त्र अंगावर किंवा हातातल्या सामानात नेता येत नाही. आधी जाहीर करून, रिकामे करून, ठरलेल्या पद्धतीने ते मोठ्या सामानात द्यावे लागते.

परवाना असूनही शस्त्र नेता येत नाही असे दिवस महाराष्ट्रात वर्षभर येत असतात. सण, मोर्चे, परीक्षा, निवडणुका यांच्या निमित्ताने महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यांत काठ्या, सोटे, तलवारींबरोबर बंदुकांचाही उल्लेख असतो. हे आदेश वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येतात आणि कोणी वाचत नाही. शस्त्र बाळगणाऱ्याने मात्र ते वाचलेच पाहिजेत. शंका असेल तर ठाण्यात एक फोन पुरतो. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यातील छाननी समिती कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची ते ठरवते. नोटीस आली तर मुदतीत शस्त्र जमा करून पावती घ्यावी. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याचा प्रकार २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच आणि ती कोणाच्या अंगणात येईल हे झाडणाऱ्याला माहीत नसते. दारू प्यायची असेल त्या दिवशी शस्त्र अंगावर असूच नये. नदीच्या वाळूत किंवा धुऱ्यावर सराव म्हणून गोळ्या झाडणेही चालत नाही. सरावासाठी मान्यताप्राप्त रेंजवरच जावे लागते.

शस्त्र वापरण्याचा हक्क स्वसंरक्षणापुरता आहे आणि तोही मोजका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील तरतुदी जुन्या दंड संहितेप्रमाणेच सांगतात की बचावासाठी जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. बांधावरचे भांडण, रस्त्यावरची बाचाबाची, पैशाचा तगादा यांत शस्त्र दाखवणे बचावात येत नाही. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या जमिनीच्या वादात पिस्तूल रोखल्याची चित्रफीत पसरली आणि त्यातून गुन्हा, अटक अशी कारवाई झाली. शस्त्र अंगावर असणाऱ्याने वादातून आधी बाजूला व्हायला शिकावे. तेवढा संयम नसेल त्याने परवान्याचा अर्जच करू नये.

घरी परतल्यावर शस्त्र अंगावरून काढून, रिकामे करून, पुसून कुलपात ठेवणे हा दिवसाचा शेवटचा भाग. भंडाऱ्याचा पावसाळा दमट असतो आणि घामातील मीठ पोलादाला काही दिवसांत गंज चढवते. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र रात्रभर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि त्यातील रसायने पितळी काडतुसांवर हिरवट थर चढवतात. उन्हात उभ्या मोटारीत काडतुसे ठेवू नयेत आणि रोज अंगावर राहून घाम लागलेली काडतुसे ठरावीक काळाने बदलावीत. कपाटाची किल्ली फक्त परवानाधारकाकडे असावी. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे असल्याचे पोलीस तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. परवाना एका व्यक्तीच्या नावावर असतो. ते शस्त्र भाऊ, मुलगा, चालक किंवा मित्र यांपैकी कोणाच्याही हाती थोड्या वेळासाठीसुद्धा देता येत नाही.